मिरची रंगाला की तिखटाला?

कोंबडीला आलं-लसूण नाही, हळद नाही, भाजलेलं वाटण नाही, गरम मसाला नाही. भरपूर कांदा, लाल मिरचीची पूड, एखादा टोमॅटो, एक ढोबळी मिरची आणि शेवटी आंबट साय. हंगेरीत घरोघरी होणाऱ्या पाप्रिकाश चिकनची सामग्री एवढीच. माझा मुलगा सेगेद शहरात शिकायला होता. तिथल्या घरमालकीणबाईंच्या हाताखाली तो हे शिकून आला. माझ्या थोरल्या नणंदेचं, म्हणजे त्याच्या आत्याचं, माहेर गडहिंग्लजकडचं आणि लग्नानंतरचं सगळं आयुष्य डोंबिवलीच्या मानपाड्यातलं. वन्सं इथं आल्या तेव्हा आजूबाजूला भातशेती होती. आता कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती आहेत. त्यांच्या हातचा कोंबडीचा रस्सा म्हटला की आमचं सगळं गोत जमतं.

परवा माझ्या ओट्यापाशी या दोघांची जुंपली. दोघंही मिरचीवर जीव टाकणारे, आणि मिरचीनं काय करावं याबद्दल दोघांचं मत अगदी उलटं. मला हा वाद निव्वळ चवीचा वाटत नाही. दुसऱ्याच्या घरचा पदार्थ आपल्या चुलीवर चढवताना त्याचं किती ऐकायचं आणि आपलं किती चालवायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे. म्हणून बोलणं झालं तसं देते, मधेमधे माझं म्हणणं घालते.

आत्या : हळदही लावली नाहीस? अरे, वशट वास कशानं मरेल?

भाचा : कांद्यानं. किलोभर कोंबडीला पाव किलोहून जास्तच कांदा घेतलाय, आत्या. अगदी बारीक चिरलेला. तो मंद आचेवर नुसता मऊ व्हायला हवा. तांबूस करायचा नाही.

आत्या : इथंच तुझं चुकतंय बघ. कांदा तांबूस झाल्याशिवाय रश्श्याला अंग येत नाही. मी कांदा-खोबरं पार काळपट होईस्तोवर भाजते, म्हणून तर माझ्या रश्श्याचा वास जिन्यापर्यंत येतो.

भाचा : तुझ्या रश्श्यात ते बरोबरच आहे. तुला खरपूसपणा हवा असतो. मला इथं कांद्याची गोडी हवी आहे. भाजल्याचा वास चढला की मिरचीचा वास मागं पडतो. या पदार्थात मिरची पुढं आणि बाकी सगळं तिच्या मागं.

आत्या : मिरची पुढं म्हणतोस, आणि तुझ्या डब्यातली चिमूट मी जिभेवर ठेवली तर तिखटाचा पत्ता नाही. जी तिखट नाही ती मिरची पुढं आणून करायचं काय?

तो डबा मीही हातात घेऊन बघितला होता. पूड गडद लाल, बोटांत चोळली की किंचित तेलकट लागणारी. वास गोडसर, नाकात ठसका जात नाही. सेगेद आणि कालोचा ही हंगेरीतल्या पाप्रिकाची दोन मोठी गावं. सप्टेंबरच्या सुमारास पिकलेली मिरची तोडायची, दोऱ्यात ओवून तिच्या माळा घराच्या वळचणीला टांगायच्या आणि वाळू द्यायच्या, ही तिथली जुनी रीत. मिरचीचा तिखटपणा असतो तो मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत. बिया त्या शिरांना चिकटलेल्या असतात म्हणून त्याही तिखट लागतात. पूर्वी तिथली पूडही जहालच असे. १९व्या शतकात सेगेदच्या दळणाऱ्यांनी शिरा आणि बिया काढून दळायला सुरुवात केली, आणि पुढं २०व्या शतकात मुळातच गोड असलेले वाण तयार झाले. आज तिथं पूड विकत घेताना गोड, मध्यम, तिखट अशा प्रती विचारून घेतात. पाप्रिकाशला गोड.

भाचा : तिखट लागत नाही हा तिचा दोष नाही, आत्या. तिखट बाजूला काढलंय, म्हणून तर चमचे-चमचे घालता येते. किलोभर कोंबडीला मी दोन मोठे चमचे भरून पूड घालणार आहे. तुझी लवंगी एवढी घातली तर कुणी घास गिळेल का? तिखट कमी केलं की मिरचीचा रंग, तिची गोडी, तिचा वास, सगळं मोकळेपणानं वापरता येतं.

आत्या : मग ही आपली बेडगीच झाली की! मसाल्याची मिरची घेताना आम्ही काय करतो? रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी, झणक्याला लवंगी. संकेश्वर आमच्या गडहिंग्लजच्या शेजारचं. पोरगी असताना वडलांबरोबर बाजाराला गेले की मिरचीच्या ढिगांमधून शिंकत चालायचं. कुठली मिरची कशासाठी, हे मला हंगेरीनं कशाला शिकवायला हवं?

वन्संचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. तिखट नसलेली मिरची कशाला, असं त्यांनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांच्याच मसाल्याच्या यादीत पहिल्या ओळीत होतं. आपल्याकडच्या बायकांनी मिरचीची कामं कधीच वाटून दिली आहेत. बेडगी मूळची कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. सुरकुतलेली, पातळ सालीची, रंगानं गर्द आणि तिखटाला सौम्य. तिला २०११मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यातून काढलेला रंग खाण्याच्या पदार्थांत जातो, लिपस्टिकमध्येही जातो. फरक एवढाच की आपण बेडगी एकटी कधी शिजवत नाही. ती मसाल्याच्या घोळक्यात येते, रंग देते आणि गप्प बसते. एकट्या तिच्यावर कोंबडी सोपवायची ही कल्पना हंगेरीची.

भाचा : आणि खरं सांगायचं तर मिरची त्यांचीही नाही, आपलीही नाही. अमेरिका खंडातली. १४९२नंतर जहाजांतून बाहेर पडली. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला, त्यांच्याबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर आली. इथून फार लांब नाही, वसईत ते १७३९पर्यंत होते. हंगेरीकडं ती तुर्कांच्या हातून गेली. बुडा शहर १५४१पासून जवळजवळ दीडशे वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. मिरची येण्याआधी तुमच्या रश्श्याला तिखट होतं ते मिऱ्याचं आणि पिंपळीचं.

आत्या : असेल. पण एवढी शतकं आपल्या ताटात राहिलेली वस्तू परकी कशी? पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी निवडली, वाळवली, कुटली. ज्यानं राबवली त्याची ती.

भाचा : मग हंगेरीतल्या बायकांनीही तेवढीच राबवली. सेगेदच्याच विद्यापीठात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचे प्राध्यापक होते. एकदा रात्री बायकोनं ताटात ताजी पाप्रिका वाढली. खायची इच्छा नव्हती म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले, आणि तिच्यात क जीवनसत्त्व खच्चून भरलेलं सापडलं, असं त्यांनीच सांगितलंय. तोवर ते जनावरांच्या ग्रंथींमधून कणाकणानं काढावं लागत होतं. १९३७मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आत्या : ताज्या मिरचीत ना? तुझ्या वाळवून दळलेल्या, वर तासभर शिजवलेल्या पुडीत किती उरणार?

यावर मुलगा मुकाट्यानं कांदा हलवू लागला. वन्संना शाळा सातवीपर्यंतच मिळाली, पण वस्तूचं उन्हात काय होतं, आचेवर काय होतं, हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

कांदा मऊ झाला, पारदर्शक झाला. मुलानं गॅस बंद केला. पातेलं खाली उतरवून त्यात पूड घातली, चारदोन वेळा हलवली, लगेच अर्धी वाटी पाणी ओतलं आणि मग पातेलं पुन्हा चढवलं. पुडीत साखरेचा अंश बराच असतो. तापलेल्या तेलात ती क्षणात करपते आणि मग सगळी कोंबडी कडू होते. वन्सं इतका वेळ हाताची घडी घालून उभ्या होत्या. हे पाहिल्यावर पुढं झाल्या.

आत्या : हे बरोबर केलंस. कटासाठी तिखट घालताना मीही पातेलं उतरवते. तेल कोमट हवं. रंग तेलातच उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तर तर्री वर येते. हे तुला तिथल्या बाईंनी सांगितलं?

भाचा : पहिल्याच दिवशी. म्हणाल्या, बाकी काहीही विसर, पण मिरची घालताना आच नको.

आत्या : शहाणी बाई. तेल कुठलं वापरतात?

भाचा : डुकराची चरबी.

आत्या : आणि तू?

भाचा : शेंगदाण्याचं तेल. वर थोडं लोणी.

आत्या : मग झालं की! इतका वेळ मला नियम सांगतोयस आणि पहिला नियम तूच मोडलास. चरबीच्या जागी तेल चालतं, तर डब्याच्या जागी बेडगी का नाही चालत? लसणाच्या चार पाकळ्या का नाही चालत?

माझ्या मते सगळ्या बोलण्यात हा प्रश्न सर्वात खरा होता. मुलाला तो अडचणीचा वाटला, मला उपयोगाचा वाटला. पाककृतीतले नियम दोन जातींचे असतात. काही नियम वस्तूंच्या स्वभावातून आलेले असतात. मिरची जोराच्या आचेवर घालू नये, कांदा करपू देऊ नये, दही उकळत्या रश्श्यात एकदम ओतू नये, हे सेगेदमध्येही खरं आणि मानपाड्यातही खरं. दुसरे नियम हाताशी काय होतं त्यातून आलेले. तिथल्या शेतकऱ्याकडं डुक्कर होतं म्हणून चरबी. आपल्याकडं भुईमूग होता म्हणून तेल. दुसऱ्या जातीचे नियम आपण खुशाल बदलावेत. पहिल्या जातीचे बदलले तर पदार्थ बिघडतो आणि दोष मात्र पदार्थाच्या माथी जातो. राहता राहिला लसूण, आणि तो मला या दोन्ही जातींत बसवता येत नाही. लसूण घातल्यानं पाप्रिकाश बिघडणार नाही, चवदारच होईल. फक्त ते पाप्रिकाश राहणार नाही, कारण लसूण आला की तो मिरचीला पुढं उभं राहू देत नाही.

भाचा : बेडगी चालेल, आत्या. पण आहे तशी सरळ उचलून नाही. देठ, बिया, शिरा काढून, उन्हात कडक वाळवून, न भाजता दळायची आणि चाळून घ्यायची. तरी तिची साल पातळ, गर कमी, म्हणून गोडी जरा कमीच पडेल. ती एका लाल ढोबळी मिरचीनं भरून काढता येईल.

आत्या : तेवढं मी करते. निदान डोळ्यांदेखत दळलेली असेल. डब्यात काय भरलंय ते तुला काय ठाऊक?

भाचा : तिथं कायदे कडक आहेत गं.

आत्या : कायदे इथंही आहेत.

इथं मुलाला गप्प बसता आलं नाही आणि त्यानं स्वतःच्याच विरुद्ध जाणारी हकिगत सांगितली. १९९४मध्ये हंगेरीत दळलेल्या पाप्रिकात शिशाचं लाल ऑक्साइड, म्हणजे आपण ज्याला शेंदूर म्हणतो तो, मिसळल्याचं उघडकीला आलं. रंग गडद दिसावा आणि वजन वाढावं म्हणून. माणसं आजारी पडली, धरपकड झाली, बाजारातला माल उचलावा लागला. ज्या देशाची ओळखच ही मिरची, तिथं हे झालं. आणि २००३मध्ये युरोपात पकडली गेली ती आपल्याकडून गेलेली मिरचीपूड. तिच्यात सुदान नावाचा कापड-मेण रंगवायचा रंग सापडला. लाल रंगाला किंमत आली की तो रंग खोटा करणारेही येतात, दोन्हीकडं.

आत्या : म्हणून मी अजून मिरची अख्खी घेते. देठ मोडून बघते, हलवून बियांचा आवाज ऐकते. गच्चीवर जुन्या साडीवर पसरते. कांडपाच्या गिरणीत स्वतः उभी राहते, मसाला डोळ्यांसमोर डब्यात भरून घेते आणि बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवते. वर्षभर त्याला काही होत नाही.

भाचा : तुझा तो मसाला तरी मूळचा कुठं आपला आहे? घरी गडहिंग्लजला कांदा-लसूण चटणी होती. हा आगरी मसाला तू इथं आल्यावर शिकलीस.

आत्या : हो, शेजारच्या काकींकडून. मग?

भाचा : मग पहिल्या वर्षी त्यात खोबरं-लसूण घातलंस का? आपल्याकडच्यासारखं?

वन्सं थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी ते सगळं सांगितलं, आणि मी त्यांच्या तोंडून ते प्रथमच ऐकलं. लग्नानंतरचा पहिला वैशाख. शेजारच्या काकींच्या अंगणात मिरच्यांचे ढीग, धणे, हळकुंडं, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, तमालपत्र, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. वन्सं मदतीला गेल्या. नागकेशर आणि दगडफूल एवढं घालायचं हे त्यांना पटलं नव्हतं. माहेरच्या चटणीत असलं काही नसे. पण काकी म्हणाल्या तसंच, तेवढंच घातलं. तो मसाला वर्षभर वापरला. कोंबडीत, बोंबलात, वालात, जवळ्यात. कशात तो फुलतो, कशात जड होतो, हे कळायला तेवढा काळ गेला. दुसऱ्या वर्षी त्यांनी लवंगी कमी करून थोडी संकेश्वरी घातली. काकींनी चाखून बघितला आणि स्वतःच्या मसाल्यातही पुढच्या खेपेला मूठभर संकेश्वरी घातली.

भाचा : म्हणजे पहिल्या वर्षी तू काकींचं ऐकलंस.

आत्या : ऐकलं. न ऐकता बदलला असता तर काय बदललं तेच कळलं नसतं.

भाचा : मी तरी दुसरं काय म्हणतोय?

आत्या : पण काकी समोर होत्या, बाळा. चुकलं तर हात धरायच्या. तुझ्या बाई तिकडं लांब.

भाचा : म्हणूनच त्यांनी सांगितलेलं जास्त जपायला हवं.

या मुद्द्यावर मी मुलाच्या बाजूची आहे. आपल्याकडं परका पदार्थ आला की पहिल्या दिवशीच त्याला आलं-लसणाची पेस्ट, गरम मसाला आणि वर कोथिंबीर असा गणवेश चढवला जातो. मग चिनी काय, इटालियन काय, सगळ्याची चव शेवटी एकाच बरणीतून निघाल्यासारखी येते. यात आपलं प्रेम असेल, पण समोरच्याची ओळख होत नाही. आणि डब्याच्या बाबतीत मी वन्संच्या बाजूची आहे. बेडगीचं राज्य इतकं जवळ असताना परदेशी डब्यावाचून अडून बसणं मला पटत नाही.

कोंबडी एव्हाना अंगच्याच पाण्यात शिजत होती. तंगड्या आणि मांड्या, हाडासकट. ब्रॉयलर असल्यामुळं अर्ध्या-पाऊण तासाचं काम. गावठी असती तर दुप्पट वेळ लागला असता आणि चवही दुप्पट आली असती, असं वन्सं म्हणाल्या आणि त्यात वाद नव्हता. हंगेरीतली आंबट साय इथं मिळत नाही, म्हणून मुलानं रात्री दही टांगून चक्का केला होता. त्यात तीन चमचे घट्ट साय आणि चमचाभर मैदा घालून तो फेटू लागला.

आत्या : मैदा कशाला ते सांगू नकोस, मला ठाऊक आहे. कढीला बेसन लावतो तेच. दही फुटू नये म्हणून.

भाचा : आणि हे सरळ ओतायचं नाही. आधी पळीभर गरम रस्सा यात घालून...

आत्या : ...याला ऊब आणायची, मग पातेल्यात. आण इकडं. तुझा हात जड आहे.

पातेल्यातला लालभडक रस्सा साय पडताच केशरी झाला. बरोबर खायला तिकडं नोकेदली करतात. मैदा, अंडी, मीठ आणि पाणी यांचं सैल पीठ भोकांच्या किसणीतून उकळत्या पाण्यात पाडायचं. गोळ्या वर तरंगल्या की उपसून लोण्यात घोळवायच्या. मुलगा तिकडून ती किसणी आणायला विसरला होता. वन्संनी बुंदीचा झारा काढून दिला आणि पीठ पळीनं कसं दाबायचं तेही दाखवलं. तरीही स्वतःसाठी त्यांनी तांदळाची भाकरी टाकलीच.

जेवताना त्यांनी पहिला घास भाकरीशी घेतला, दुसरा नोकेदलीशी. म्हणाल्या, "मऊ आहे. मिरचीला एवढी गोडी असते हे एकटी खाल्ल्याशिवाय कळत नाही." मग ताटाच्या कडेला त्यांनी लसणाच्या चटणीची चिमूट घेतली आणि मुलाकडं बघितलं.

भाचा : घे की. तिथंही टेबलावर जहाल मिरचीची पेस्ट वेगळी ठेवतात. ज्याला हवी त्यानं लावून घ्यावी.

आत्या : मग मघाशीच का नाही सांगितलंस? एवढं भांडले नसते. बरं, ऐक. मे महिन्यात मसाल्याची मिरची घेऊ तेव्हा दोन किलो बेडगी तुझी वेगळी. देठ आणि शिरा मी काढते, बिया तू झाड. आणि गिरणीत सकाळी पहिला नंबर आपला लागला पाहिजे. तिथं आधी कुणाची लवंगी दळून झाली असेल, तर तुझ्या पुडीत तिखट उतरलंच म्हणून समज.

भाचा : किती वाजता उघडते गिरणी?

आत्या : आठला. साडेसातला जाऊन उभं राहायचं.